चौतीसची पँट

तपासणीचा कागद माझ्या शिलाई मशीनवर आपटून दादा तणतणला, “बीपी एकशेसत्तर, कोलेस्टेरॉल वाढलेलं, आणि डॉक्टर म्हणतो, वजन वाढलं की दोन्ही चढतात! अरे, बारा वर्षं मी चौतीसचीच पँट घालतोय. शिवणारा तूच, आता तूच सांग त्याला.” दादाला पोटावरून बोललेलं खपत नाही, म्हणून मी दरवेळी वहीत चौतीस लिहायचो आणि कापड वाढवून बेतायचो. यंदा एक्केचाळीसपर्यंत पोचलो होतो. भावाचं मन राखतोय, असंच वाटायचं. मी गळ्यातली टेप काढून त्याच्या कमरेभोवती गुंडाळली आणि म्हणालो, “आज आकडा तूच वाच.” त्यानं चष्मा लावला. “एक्केचाळीस,” तो पुटपुटला. मी मान खाली घातली. आता बोलणी बसणार, तोच त्यानं कधीचं आत ओढून धरलेलं पोट सोडलं. टेप आणखी दोन इंच सरकली.