बेचाळीस पावलं

माळीबुवा धापा टाकत फाटकातून आत शिरले आणि जागीच थिजले. गॅलरी नव्हती. परवापर्यंत उभी असलेली, दोन हजार माणसं बसवणारी गॅलरी नाहीशी झाली होती आणि मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडंबोडकं पडलं होतं. मधोमध रोलर चालला होता. बारा टनांचं ते धूड, आणि त्यावर त्यांचा जावई.

सकाळी चहाच्या वेळी लेक सहज बोलून गेली होती, "बाबा, आजपासून ह्यांना तुमच्याच मैदानावर काम मिळालंय. सपाटीचं." कप तसाच ठेवून बुवा निघाले होते. पायात एक चप्पल स्वतःची होती आणि एक लेकीची.

"मॅडम, तो रोलर थांबवा," इंजिनिअर बाईंना गाठून ते म्हणाले. "खाली विहीर आहे."

बाईंनी नकाशावरून मान वर केली नाही. "ती कधीच बुजवली, आजोबा. नोंद आहे आमच्याकडे. घरं पलीकडच्या अंगाला होणार, इथे नुसती बाग. घाबरू नका."

"ती नोंद माझ्याच सांगण्यावरून झाली. मी खोटं बोललो होतो."

आता बाईंनी वर पाहिलं.

एकदा तोंड उघडल्यावर आता गिळणार काय? बुवांनी सगळं सांगून टाकलं. मैदान वाढवलं तेव्हा गवताला पाणी देणारी विहीर आत आली. अंतिम सामना आठ दिवसांवर. दगडमाती भरायची तर महिना हवा. बुवांनी विहिरीच्या तोंडावर जाड फळ्या टाकल्या, वर पत्रे, वर हातभर माती, आणि त्यावर हिरवळ अशी बेमालूम बसवली की साहेबांनी पाठ थोपटली. सामन्यानंतर भरू म्हणता म्हणता ते राहूनच गेलं. तेवीस वर्षं झाली. पुढे मैदान बंद पडलं तेव्हा सगळे हळहळले, बुवांना मात्र सुटल्यासारखं वाटलं. ओसाड जागेत कोण मरायला जातंय?

बाईंनी शिट्टी फुंकली, दोन्ही हात वर केले. रोलर थांबला. जावयाने इकडे पाहिलं आणि सासरे दिसताच हसून हात हलवला.

"कुठे आहे ती?"

"सोपं आहे. गॅलरीच्या तिसऱ्या खांबाला पाठ लावून उभं राहायचं, बेचाळीस पावलं सरळ. डाव्या हाताला गोलपोस्ट..." बुवा बोलता बोलता थांबले.

खांब नव्हता. गोलपोस्ट नव्हता. चारी दिशांना एकसारखी लाल माती. डोळे बांधून या मैदानावर हिंडून दाखवीन, अशा पैजा मारणारा माणूस, आणि आता आपण उभे कुठे आहोत हेच त्याला कळेना.

"नकाशात दाखवा," बाईंनी कागद पुढे धरला. त्यावर नवी घरं होती, बागेतली बाकं होती, मुलांची घसरगुंडी होती. बुवांचं बोट कागदावर नुसतं फिरत राहिलं.

"जुना नकाशा नाही का कुठे?"

"कुणी काढलाच नाही, मॅडम. काही लागलं तर मलाच विचारायचे."

"निदान रोलरच्या पुढे आहे की मागे, तेवढं तरी सांगा."

बुवांनी मोजायला पाऊल उचललं, तसा बाईंनी त्यांचा दंड घट्ट धरला. लेकीला तोंड कसं दाखवायचं, एवढा एकच विचार बुवांच्या डोक्यात घुमत होता.

"इंजिन बंद करा," बाईंनी ओरडून सांगितलं. "इथे खाली विहीर आहे. नक्की कुठे ते कळत नाही."

इंजिन बंद पडलं. एकदम इतकं शांत झालं, की चाकाखालून माती कुठेतरी खोल घरंगळल्याचा आवाज तिघांनाही आला. जावयाने खाली उतरायला टाकलेला पाय अर्ध्यावरच थांबवला.

"मामा," तो हळूच म्हणाला, "उतरू, की बसून राहू?"