टेबलाखालचा पाय

पिएरोसने दोन निळे पेले बापासमोर ठेवले आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अप्पा, यातलं कुठलं तेल घ्यावं ते एवांथियाबाईंना तुम्हीच सांगा."

रविवारची सकाळ, नव्या ऑलिव्ह तेलाचे दिवस. अथेन्सचा बाजार गच्च भरला होता, आणि पिएरोसचा बाप लिकुर्गोस याच्या टेबलापाशी तर माणसं त्याला ऐकायलाच थांबायची. पंच्याहत्तरीचा म्हातारा एक घोट घ्यायचा आणि सांगायचा, झाड डोंगराच्या कुठल्या अंगाचं, फळ कधी तोडलं. एवांथियाबाईंच्या शहरात तीन खानावळी. वर्षभराचं तेल आज ठरवायचं होतं, आणि त्यासाठी त्यांना लिकुर्गोसचा शब्द पुरेसा होता.

त्याची बायको स्तमाता शेजारी स्टुलावर बसून पाव कापत होती. टेबलाखाली तिचा पाय त्याच्या बुटाला टेकलेला होता. दोन हिवाळ्यांपूर्वी आलेल्या तापात लिकुर्गोसची वासाची जाण गेली, ती परत आलीच नाही. हे तिच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून तेल आधी ती हुंगायची आणि तो पेला ओठाला लावायच्या आत खालून खूण करायची. एकदा पाय दाबला की चांगलं, दोनदा दाबला की वाईट. पुढचं बोलणं त्याला तोंडपाठ होतं.

आज हुंगायची गरजच नव्हती. बाजार उघडायच्या आधी व्हॅनच्या मागे तिने पोराला पाहिलं होतं. ओल्या पोत्यांत आठ दिवस कुजलेल्या ऑलिव्हचं तेल तो बाटलीत भरत होता, आणि चांगल्या तेलासारखं घशाला झोंबावं म्हणून त्यात थोडं नवं ओतत होता. आईला पाहून त्याने तोंडावर बोट ठेवलं.

"अप्पांचं नाक अजून चालतं का, आज कळेलच," तो म्हणाला.

तिला वाटलं, दोनदा दाबीन, की झालं.

"स्तमाताबाई, आधी तुम्ही बघता का?" एवांथियाबाईंनी विचारलं. "तेल तर तुम्हीही जन्मभर हाताळलंय."

"ही?" लिकुर्गोस मान मागे टाकून हसला. "अहो बाईसाहेब, हिच्या नाकाला बकऱ्यांचा गोठा आणि चर्चमधला धूप सारखाच. पाव कापायला आणलीय. तेवढा तरी सरळ कापते का, बघा!"

लोक हसले. स्तमाताही हसली, दर रविवारी हसायची तशी. मग तिने पाय मागे घेतला आणि स्टुलाच्या दांडीवर ठेवला.

लिकुर्गोसने पहिला पेला तळव्यात धरून ऊब दिली. त्याचा बूट थोडा सरकला. टेबलाच्या पायाला लागला, परत आला, दुसऱ्या बाजूला गेला. स्तमाताने खाली पाहिलं आणि पावाचा आणखी एक काप केला.

"अहो, घ्या ना," ती म्हणाली. "लोक थांबलेत."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग तेल तोंडात घेतलं. घसा झोंबला, खोकला आला, आणि त्याचा चेहरा सैल पडला.

"हे!" तो म्हणाला. "उत्तरेच्या उताराचं. ऑक्टोबरच्या अखेरीला तोडलेलं. कच्च्या बदामाचा वास, मागून टोमॅटोच्या पानाचा. बाईसाहेब, हे डोळे मिटून घ्या."

एवांथियाबाईंनी पेला नाकाशी नेला आणि लगेच दूर धरला.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "याला ओल्या मोज्यांचा वास मारतोय."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"बघा, मंडळी," पिएरोस म्हणाला. "आमच्या अप्पांना गटारातलं पाणी पाजा, त्यातही ते टोमॅटोचं पान शोधतील." आता सगळेच हसले. त्याने दुसरा पेला बाईंच्या हाती दिला. "हे घ्या. हे आपलं खरं तेल. इथून पुढे तेल मी ठरवतो."

लिकुर्गोसच्या हातातला पेला कलला होता, तेल बोटांवरून मनगटापर्यंत ओघळलं होतं. त्याने बायकोकडे मान वळवली.

"तुम्हाला माहीत होतं का हो?" एवांथियाबाईंनी तिला विचारलं.

"मला काय कळणार?" स्तमाता म्हणाली. "मी पाव कापते."

म्हाताऱ्याचे ओठ हलले. पायाची गोष्ट सांगायची, तर दोन वर्षं या टेबलावर कुणाचं नाक बोलत होतं तेही सांगावं लागलं असतं. त्याने तोंड मिटलं. एवांथियाबाईंनी दुसरं तेल पसंत केलं, आणि जाताना लहान मुलाला थोपटावं तसं त्याच्या खांद्यावर थोपटलं.

दुपारी गर्दी ओसरली. पिएरोस पुढे उभा राहून गिऱ्हाइकांशी बोलत होता. आवाज हुबेहूब बापाचा. मागे स्तमाताने एका खोक्यावर फडकं पसरलं, घरून आणलेला डबा उघडला आणि नवऱ्याच्या ताटलीत भाजलेला मासा वाढला.

लिकुर्गोसने काटा उचलला आणि थांबला. ताटलीवर वाकून त्याने खोल श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला.

"मासा कधीचा आहे?" त्याने विचारलं.

तिने स्वतःच्या ताटलीतही मासा घेतला. लिकुर्गोसने काटा खाली ठेवला आणि ती पहिला घास घेते का, म्हणून तिच्या हाताकडे बघत बसला.

स्तमाताने सुरी पुसली. उलटी करून दुसऱ्या बाजूने पुसली. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून ती बाजाराकडे बघत राहिली.