काचघरातली पाहणी

तीच बाई तिसऱ्या काचघरातही मागोमाग आली, तेव्हा महानंदाला कळलं की ही सहल नाही.

वालूरला आत्याकडे जाताना वाटेत उतरू, बाग बघू, असं अप्पा सकाळी म्हणाले होते. फाल्गुनात ही बाग बघायला लांबलांबून माणसं येत. त्यामुळे तिला नवल वाटलं नव्हतं. निळी साडी नेस, असंही ते म्हणाले होते. आता अप्पा फुलांकडे बघत नव्हते. दाराशी उभ्या असलेल्या एका माणसाकडे बघत होते. तिशीच्या आसपासचा, कपाळावर विभूती, इस्त्रीचा सदरा. तो माणूस महानंदाकडे बघत होता, पण थेट नाही. समोरच्या काचेत.

होस्टेलवर मुली सांगायच्या. पाहुणे घरी येऊन नाही म्हणून गेले की गावभर होतं. बागेत, देवळात मुलगी दाखवली की नकार आला तरी कुणाला कळत नाही. कधीकधी मुलीलासुद्धा नाही.

नामांतराच्या आंदोलनात कॉलेज बंद पडलं होतं, परीक्षा लांबली होती, म्हणून ती पेडगावला घरी आली होती. वनस्पतिशास्त्राचं शेवटचं वर्ष. बी.एस्सी. होईपर्यंत लग्नाचं नाव काढणार नाही, असा शब्द अप्पांनी दिला होता. त्यापुढे एम.एस्सी. करायचं तिने मनाशी पक्कं केलं होतं. ते सगळं आता या दमट काचघरात पणाला लागलं होतं.

काचांना चुन्याचा हात दिलेला होता. आत पांढरट उजेड होता आणि हवा हलत नव्हती. एका वाफ्यावर काळं कापड ताणलं होतं. माळ्याने ते उचलून दाखवलं. खाली पिवळी शेवंती गच्च फुलली होती.

"आता कुठली शेवंती?" धाकट्या बहिणीने, शिवकांताने विचारलं.

"दिस लवकर मावळवायचा," माळी म्हणाला. "कापड टाकलं की तिला वाटतंय रात झाली. मग रोप केवढं का असंना, फुलतंय."

महानंदाने हे पुस्तकात वाचलं होतं. एरवी तिने माळ्याला प्रश्न विचारून भंडावलं असतं. आज बाई अगदी शेजारी येऊन उभी होती.

"पोरी, ह्या पाटीवर काय लिव्हलंय गं? मला दिसंना गेलंय."

पाटीवर झाडाचं लॅटिन नाव होतं आणि खाली मराठी. दोन्ही महानंदाला पाठ होती. तिने डोळे बारीक केले.

"मलाबी नीट दिसत न्हाई, मावशी."

"अक्का, तुला कधीपासून..." शिवकांता बोलायला लागली. महानंदाने तिच्या दंडाला चिमटा काढला.

शिवकांता तेरा वर्षांची होती. कुणाचं काम अडलेलं तिला बघवत नसे. ती पुढे झाली आणि मराठी नाव तिने खणखणीत वाचून दाखवलं, शाळेत वाचतात तसं.

"कितवीत हायेस?" बाईने तिला विचारलं.

"आठवीत."

अप्पा मागून आले. "ह्या चन्नबसम्मा. वालूरला ह्यांचं किराणा दुकान हाय. अन् हे त्यांचे चिरंजीव, नागप्पा. योगायोगानं भेटले बघ."

नागप्पाने मान डोलावली. योगायोगाने भेटलेल्या माणसाच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

पुढच्या काचघराला पायऱ्या होत्या. महानंदा डावा पाय ओढत चढली.

"मुरगळला काय?" चन्नबसम्माने विचारलं.

"न्हाई. लहानपणापासून असाच हाय."

अप्पा खाकरले. महानंदाने त्यांच्याकडे बघितलं नाही. अप्पा चारचौघांत तिला खोटं पाडणार नाहीत, हे तिला माहीत होतं. मुलगी खोटारडी निघण्यापेक्षा लंगडी निघालेली बरी.

"अन् सैपाक?"

"होस्टेलवर आयतं मिळतंय, मावशी. मी भाकरी थापली की तव्यावर जायच्या आधीच फाटती."

चन्नबसम्मा हसली नाही. आतल्या उकाड्याने तिचा जीव घाबरा झाला होता. तिने पदराने वारा घेतला. शिवकांता न सांगता पळाली आणि नळावरून तांब्या भरून घेऊन आली.

"अक्काला खरंच येत न्हाई," तांब्या देताना ती म्हणाली. "मला येतीय. गोल गोल."

बाई सावकाश पाणी प्याली. महानंदाला बरं वाटलं. बाईचं लक्ष जेवढं दुसरीकडे जाईल तेवढं चांगलं.

बाहेर आल्यावर तिने बहिणीला बर्फाचा गोळा घेऊन दिला. फाटकाजवळ अप्पा आणि ते माय-लेक बोलत उभे होते. शब्द ऐकू येत नव्हते. अप्पा मान हलवत होते, नाही, नाही अशी. चन्नबसम्मा शांतपणे बोलत राहिली. नागप्पा या बाजूला बघत होता. मग अप्पांची मान हलायची थांबली.

विनवण्या करून अप्पा दमले असतील, असं महानंदाला वाटलं. तिला त्यांची कीव आली. घरी गेल्यावर बोलणी खावी लागतील, लागू देत. ती सुटली होती. तिने डावा पाय सरळ केला आणि मोकळा श्वास घेतला.

तिघं त्यांच्याकडे आले. अप्पा जरा मागे राहिले. चन्नबसम्मा शिवकांतापाशी वाकली, तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि रंगाने लाल झालेले ओठ आपल्या पदराने पुसले. शिवकांताला गुदगुल्या झाल्या.

"मोठीला शिकू द्या अप्पा, किती शिकायचं ते," चन्नबसम्मा म्हणाली. "आमी हिला नेतो."