लेकीची ओटी

मारोतरावांनी पिशवी खाटेवर ठेवली. रत्नमालाताईंनी ती उचलली आणि दाराबाहेर, त्यांच्या चपलांजवळ नेऊन ठेवली.

“चहा घ्या भाऊ,” त्या म्हणाल्या. “हे मात्र घेऊन जा. रेतीचा पैसा मले नाई पायजे.”

अंगणात माणसं बसली होती. रेतीघाटाचे ठेकेदार मारोतराव हसले.

“बाई, जिल्हा परिषदेची निवडणूक आहे, गणपतीची वर्गणी नाई. गाड्या, बॅनर, पोरांचं जेवण. कोठून आणसान?”

“मी या गावची पोरगी आहो. पोरीच्या ओटीत जे पडन, त्याच्यावर लढीन.”

मारोतराव चहा न घेताच उठले. पिशवी घेऊन गाडीत बसले आणि दार जोरात ओढून घेतलं.

रुपा दाराशी उभी राहून हे सगळं पाहत होती. बी.एस्सी. होऊन ती घरी आली होती आणि स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरत होती. तिच्या वडिलांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, नदीला लागून होत्या. मारोतरावांच्या घाटावर रेती उपसायचं मशीन उतरल्यापासून काठ खालून पोखरत चालला होता. मागच्या पावसाळ्यात एक अख्खी बांधी उभ्या धानासकट नदीत गेली. उरलेल्या बांध्याही अशाच जाणार, हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती. रुपाने तक्रारी दिल्या, पोचही मिळाली. मशीन चालूच राहिलं.

निवडून आल्यावर पहिल्याच सभेत घाट बंद करण्याचा ठराव मांडीन, असा शब्द रत्नमालाताईंनी तिला दिला होता. त्या दिवसापासून रुपा त्यांच्या प्रचारात होती.

आजवर रिवाज उलटा होता. उमेदवार दारात आला की बाया त्याला ओवाळत आणि तो ताटात नोट टाकत असे. आताचे सदस्यही तसंच करत. रत्नमालाताईंनी मात्र दारात उभं राहून पदर पसरला. सासर तुमसरला असलं तरी आसपासच्या गावांत कुठे मामाचं घर होतं, कुठे मावशीचं. लेक दारात आल्यावर तिला रिकाम्या पदराने कोण पाठवणार?

तांदूळ, नारळ आणि वर एक नोट. पदर भरला की रुपा तो घमेल्यात रिकामा करायची. त्याच तांदळाचा भात प्रचाराची पोरं जेवायची. कुणीतरी याचा व्हिडिओ काढला. तो तालुकाभर फिरला आणि नवीन पोरं आपणहून यायला लागली.

गावातल्या फेरीत तळ्याच्या पाळीवर एकटी राहणारी, मोहफुलं वेचून विकणारी मंदाबाईसुद्धा शंभराची नोट घेऊन पुढे आली.

“मंदाबाई, राहू द्या ना,” रुपा हळूच म्हणाली. “तांदूळ टाकले, बस झालं.”

“काहून? मी काय भिकारी आहो का? सरक तिकडे.”

पुढचं घर कैलाशचं होतं. दोन ट्रॅक्टर, खताचं दुकान. त्यानेही शंभराची नोट टाकली.

“कैलाशभाऊ, मंदाबाईइतकेच?”

“अवो माय, मंदाबाईची बरोबरी कराले जिगर लागते!” तो हसत म्हणाला आणि घाईने आत गेला.

दुपारी रुपा तांदूळ पाखडायला बसली. एकेक नोट बाजूला काढताना तिचा हात थांबला. सगळ्या शंभराच्या होत्या. एकही वीसची नाही, पन्नासची नाही, पाचशेची नाही.

कॉलेजात लंबकाचा प्रयोग असायचा. एखाद्या मुलाची सगळी वाचनं तंतोतंत सारखी आली की सर वही परत करत आणि म्हणत, “हे मोजलेलं नाही, लिहिलेलं आहे. खरं मोजलं की थोडं इकडेतिकडे होतंच.”

ती तशीच उठली आणि तळ्यावर गेली. मंदाबाई मोहफुलं उन्हात पसरत होती.

“मंदाबाई, खरं सांगा. शंभर रुपये कोठून आणले?”

“खरं-खोटं काय त्याच्यात? काल देवाजी येऊन गेला ना, मारोतरावाचा दिवाणजी. म्हणे, गावच्या पोरीची ओटी सुनी जाऊ देऊ नोका. घरोघरी देऊन गेला. तुमच्याइथं नाई आला?”

त्यांच्याकडे देवाजी आला नव्हता.

रुपा जवळजवळ पळतच रत्नमालाताईंच्या माहेरी आली. त्या ओसरीवर एकट्याच होत्या.

“ताई, तुम्हाले फसवून राहिला तो! ओटीत पडलेला सगळा पैसा मारोतरावाचा आहे. तुम्ही निवडून आल्यावर म्हणन, माह्याच पैशावर आली, आता घाटाचं नाव काढू नोको. आजच चौकात सभा घ्या, सगळ्याइच्या समोर परत करा. नाई तर आमच्या बांध्या गेल्याच समजा.”

रत्नमालाताईंनी तिला पाणी दिलं. ती पिईपर्यंत त्या थांबल्या.

“तुले कसं समजलं?”

रुपाने सांगितलं. सगळ्या घरांची सारखीच नोट, मग मंदाबाई.

“आणखी कोणाच्या ध्यानात आलं?”

“नाई. मी सरळ तुमच्याकडेच आली.”

“हुशार आहेस बाई तू,” रत्नमालाताई म्हणाल्या. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि फोन उचलला. रुपा हातात रिकामा गिलास धरून वाट पाहत राहिली.

“हाव देवाजीभाऊ, मी बोलून राहिली,” त्या शांतपणे म्हणाल्या. “उद्या सिहोऱ्याच्या फेरीत सगळ्याइले सारखी नोट देऊ नोका. कोणाले वीस, कोणाले पन्नास, आन् चार-दोन घरं कोरडी सोडा.”