ठकूबाईचा रुपया

“माई, विधानसभेला उभी राहिलेय. एक मत, एक नोट,” ठकूबाईची नात डबा पुढे करत म्हणाली. “पहिली नोट तुमच्याकडूनच घेणार. आजी सांगायची, तुम्हीही निवडणुकीची वर्गणी मागायला वस्तीत आला होतात. तिच्या हातातून रुपया घेणाऱ्या गावातल्या तुम्ही पहिल्याच.”

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आमचे उमेदवार समतेवर सुरेख बोलायचे. ठकूबाई पदराची गाठ सोडत धावत आली आणि मी दोन पावलं मागे सरले. “त्या दगडावर ठेव,” म्हणाले. रुपयावर पाणी शिंपडलं, मग उचलला.

हे तिनं नातीला सांगितलं नव्हतं.

“खरंच घेतला होता ना हातातून?” मुलीनं हसून विचारलं.

डब्यात न टाकता, तिच्या तळहातावर नोट ठेवत मी “हो” म्हणाले.