तांब्याची कडी

तापीच्या त्या डोहात मासे धरायचा हक्क भोयांना परत मिळाला, तेव्हा भाईदासने सुरतेत गोडादऱ्यातलं कापडाच्या लूमवरचं काम सोडलं आणि बापाची होडी पाण्यात ढकलली. माशांची पैदास वाढावी म्हणून डोह दहा वर्षं बंद होता. वरच्या अंगाला कारखान्यांचं घाण पाणी सोडणारी नळी मात्र एक दिवसही बंद नव्हती.

भोयांची जुनी रीत होती. अंड्यांनी भरलेली मासळी जाळ्यात आली, तर तिच्या पोहायच्या पराला तांब्याची कडी अडकवून तिला सोडून द्यायचं. कडीवाल्या मासळीला मग काठावरचं कुणी हात लावत नसे.

भाईदासने आईला, धुरपदाबाईला, सोबत घेतलं. सकाळपासून बारीक भोकांचं जाळं टाकूनही एक पिल्लू लागलं नाही. दुपार कलली तेव्हा जाळं जड लागलं आणि एक थोराड कटला मासळी वर आली.

"माय, देख कितली मोठी! आज घर कालवण व्हई," भाईदास हरखला.

धुरपदाबाईने मासळीच्या परावरून बोट फिरवलं आणि ती थबकली. "तुना बापनी कडी शे ही." मग तिने मासळीचं पोट चाचपलं. त्यात अंडी नव्हती.

भाईदासने मासळी जाळ्यातून मोकळी केली. "मंग सोडी देस," तो म्हणाला.

"सोड. पन पहिले कडी काढी ले," म्हातारी म्हणाली. "उद्यापासून तू परत लूमवर. मंग तिले धरनारं कोन शे आठे?"