आडवा ठेवलेला डबा

"नासिर, तू एकदा घरी चल. शीलाले समजावून सांग. चार दिवस झाले, धड जेवून नाही राह्यली," धम्मरत्न गुरुजी म्हणाले.

नेरच्या बसस्टँडमागे नासिरचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. गुरुजींची हार्ड डिस्क त्यानं कालच उघडून पाहिली होती. आतली तबकडी पार खरवडलेली, हाती काही लागणार नव्हतं. तिच्यात होती कापूस वेचणाऱ्या बायांची दोनशे गाणी. कापूस बुडाला, शिवारात सोयाबीन आलं, वेचणी गेली नि गाणीही गेली. गुरुजींनी तीन वर्षं गावोगाव फिरून ती रेकॉर्ड केली होती. त्यांतल्या चौघी तर आता हयातही नाहीत. काळजाला लागणारच की.

"ती म्हणते, पुसता पुसता कॉम्प्युटरचा डबा आडवा ठेवला नि तसाच राह्यला. माह्याच हातानं सारं गेलं म्हणते." गुरुजींनी काउंटरवरची डिस्क बाजूला सारली. "गाणे गेले ते गेले. आता तिचीच धास्ती वाटते. आडव्यानं बिघडते का रे?"

"कायचं बिघडते, गुरुजी."

"मंग हेच तिले सांग."

नासिरला भरून आलं. दुसऱ्या कोणी बायकोला फाडून खाल्लं असतं. लाखात एक माणूस. त्यानं दुकानाचं शटर ओढलं आणि निघाला.

शीलाकाकू ओसरीवर तूर निवडत होत्या.

"काकू, डिस्क उभी ठेवा, आडवी ठेवा, नाहीतं उलटी टांगा, तिले काही फरक पडत नाही. तुमचा काहीच कसूर नाही."

काकूंनी मान वर केली नाही. "राहू दे बाबू. चूक माहीच हाय."

आता काकूंना पटवावं तरी कसं? नासिर जिद्दीला पेटला. "नाही नं काकू. चालू मशीनले धक्का बसला असन. वरून कोणी जोरात हाणलं, तरच असे चरे पडतात."

"पाह्य, मी म्हणत होतो नं," म्हणता म्हणता गुरुजी थांबले. "चहा ठेवतो," म्हणाले आणि आत गेले.

ते आत जाईस्तोवर काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "कायले सांगतलं रे त्यायच्यापुढं? डबा म्या आडवा केलाच नव्हता. कॉम्प्युटर अटकला का, हेच त्याच्यावर बुक्क्या हाणत."